बालदी म्हणून दाखव

(तरुण कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेलं भाषण. बोलताना जसं आलं तसंच बहुतेक ठेवलं आहे.)

दोस्तांनो,

मी काही वक्ता नाही. गोदीत ठेकेदाराच्या टोळीत काम करतो, गोणी उचलतो, कंटेनरच्या पोटात शिरून माल रचतो आणि अंगात जीव उरला तर रात्री कविता लिहितो. शिक्षण मॅट्रिक. तुम्ही म्हणालात, कोलंबोला जाऊन आलास, काय पाह्यलंस ते पोरांना सांग. सांगतो. पण समुद्र कसा निळा होता आणि माडांच्या रांगा कशा डुलत होत्या, ते माझ्याकडून मिळणार नाही. ते प्रवासवर्णनवाल्यांनी लिहून ठेवलंय. त्यांना देश हॉटेलच्या गॅलरीतून दिसतो. मला दिसला तो धक्क्याच्या बाजूनं आणि वस्तीच्या बाजूनं.

तीन गोष्टी बोलणार आहे. बौद्धांच्या देशात जात कशी राह्यली? एकाच धक्क्यावर घाम गाळणारे कामगार एकमेकांच्या घरांना आग कशी लावतात? आणि ह्या दोन्हींतून आपण काय घ्यायचं?

कोलंबो बंदरातल्या युनियनच्या काही पोरांनी मला बोलावलं. अर्ध्या तिकिटाची वर्गणी त्यांनी काढली, अर्ध्याची आमच्या टोळीनं. दिवस बुद्धपौर्णिमेचे. तिकडं तिला वेसाक म्हणतात. पाच दिवस राह्यलो, बंदराजवळ कोटाहेना भागात, एका 'वत्त'मध्ये. सिंहलीत वत्त म्हंजे बाग, वाडी. बागा गेल्या, त्या जागी खोल्यांच्या रांगा उठल्या, नाव तेवढं बागेचं उरलं. आपल्याकडच्या फणसवाडीत तरी कुठं फणस आहे? सामायिक नळ, सामायिक संडास, दारातून गटार. मला पाव्हण्यासारखं वाटलंच नाही. २०१० साली तिथल्या सरकारनं शहर विकासाचं खातं संरक्षण मंत्रालयाच्या हाताखाली दिलं. म्हंजे झोपडी हटवायला लष्कर! शहराच्या मधली जागा सोन्याच्या भावाची, म्हणून तिथली माणसं उचलून उंच इमारतींत कोंबली. लिफ्ट बंद पडली की म्हातारी माणसं वरच अडकली. ही गोष्ट तुम्हाला समजावून सांगायला नको.

माझा यजमान बंदरात क्रेन चालवतो. तो मला 'मल्ली' म्हणायचा, म्हंजे धाकटा भाऊ. मी त्याला 'अय्या' म्हणायचो, म्हंजे थोरला. शेजारच्या तमीळ बाईला सगळी वस्ती 'अक्का' म्हणायची. हा शब्द तर आपल्या सोलापूर-कोल्हापूरकडं घरोघरी आहे. आमचं बोलणं मोडक्या इंग्रजीत, हातवाऱ्यांत आणि हिंदी सिनेमाच्या गाण्यांत.

दुसऱ्या दिवशी अय्यानं मला पेट्टात नेलं. पेट्टा म्हंजे तिथली मस्जिद बंदर. अरुंद गल्ल्या, मिरची, कापड, सुके बोंबील, आणि माणसांनी ओढलेल्या हातगाड्या. हमालाला तिकडं नाट्टामी म्हणतात. एक नाट्टामी गाडीत गोणी रचत मोठ्यानं मोजत होता: एक, देक, तुन, हतर, पह, हय, हत, अट, नवय, दहय. मी तिथंच उभा राह्यलो. दहय! हिंदीवाला दस म्हणतो, आपण दहा म्हणतो, आणि हा हजार-दीड हजार किलोमीटरवरचा हमाल दहय म्हणतो. भाताला ते बत म्हणतात, दाताला दत, कानाला कन, पुस्तकाला पोत, म्हंजे आपली पोथी. आपल्या शाळेत कुणी सांगितलं होतं का हे? संस्कृतचं पाठांतर मात्र करून घेतलं.

त्यांच्या महावंस ह्या पाली ग्रंथात अशी कथा आहे, की सिंहलांचा पहिला राजा विजय आपल्या देशातून हाकलला गेला तेव्हा त्याचं जहाज आधी सुप्पारक बंदराला लागलं. त्याच्या माणसांनी तिथं दांडगाई केली, म्हणून तिथूनही निघावं लागलं आणि मग ते लंकेला पोचले. सुप्पारक म्हंजे सोपारा, आपलं नालासोपारा. तिथला स्तूप १८८२ साली भगवानलाल इंद्रजींनी खणून काढला. कथा खरी की खोटी ते पंडितांनी बघावं. मी एवढंच म्हणतो, की विरार लोकलला लटकून येणाऱ्या आपल्या पोरांच्या स्टेशनाचं नाव दुसऱ्या देशाच्या आद्यग्रंथात आहे, आणि हे त्या पोराच्या गावीही नाही.

आता वेसाक. रस्तोरस्ती कागदी कंदील, चौकाचौकांत दिव्यांची तोरणं, त्यांवर जातककथांची चित्रं. दारू बंद, मटण बंद. आणि दन्सल. दन्सल म्हंजे दानशाला. गल्लीतली पोरं वर्गणी काढून रस्त्यावर मांडव घालतात आणि येईल त्याला फुकट जेवू घालतात. कुठं भात-आमटी, कुठं उकडलेले चणे, कुठं सरबत, कुठं आइस्क्रीमसुद्धा. तू कोण, कुठला, कुणी विचारत नाही. मला सहा डिसेंबरचं शिवाजी पार्क आठवलं. चैत्यभूमीच्या रांगेतल्या माणसाला हात धरून पुरीभाजी देणारी आपली पोरं आठवली. डोळ्यांत पाणी आलं हे कबूल करतो. वाटलं, हाच तो देश. इथं माणूस माणसाला माणूस म्हणून बघतो.

मग केलनियाला गेलो. शहरापासून जवळच, नदीकाठचा जुना विहार. पांढरीशुभ्र गर्दी, पांढरी फुलं, पांढरा स्तूप. आणि त्याच आवारात विभीषणाचं देऊळ! रावणाचा भाऊ विभीषण, तो तिथं राखणदार देव. तिकडच्या कितीतरी विहारांत बुद्धाच्या शेजारी विष्णूही असतो, नवस-बोलण्यासकट. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातला मी पोरगा. बुद्ध हा विष्णूचा अवतार नाही, हे मला बाराखडीआधी शिकवलेलं. मी अय्याकडं बघितलं. तो हसला. म्हणाला, "मल्ली, बुद्ध निब्बाणाला गेला. आता नोकरी, आजारपण, कोर्टकचेरी बघायला कुणीतरी पाहिजे ना?"

तेवढ्यात ढोल वाजले. पूजेच्या वेळेला विहारात ढोल आणि सनई वाजवतात, त्याला हेविसी म्हणतात. अय्या म्हणाला, "माझा बाप गावाकडच्या विहारात हेच वाजवायचा. आमची जातच ती. बेरव."

आणि इथून दोस्तांनो, माझ्या डोक्यातले दिवे एकेक करून विझायला लागले. नीट ऐका.

सिंहलांत ब्राह्मण नाही. चातुर्वर्ण्य नाही, मनुस्मृती नाही. सगळ्यांत वरची जात गोविगम, म्हंजे शेतकरी, आणि संख्येनंही तीच सगळ्यांत मोठी. आपल्याकडच्या गावातला पाटील डोळ्यांपुढं आणा. तिच्याखाली मासेमार करावा, दालचिनी सोलणारे सलागम, ताडी काढणारे दुराव, परीट, कुंभार, ढोल वाजवणारे बेरव आणि सगळ्यांच्या तळाला रोडिया. रोडियांना एके काळी भीक मागूनच जगायचं बंधन होतं, त्यांच्या बाईला छाती झाकायची मनाई होती.

हे टिकलं कशावर? तर जमिनीवर. राजा किंवा विहार जमीन द्यायचा, त्या बदल्यात पिढ्यानपिढ्या ठरलेली सेवा करायची. त्याला राजकारिय म्हणत. ढोल वाजवणाऱ्याला विहाराच्या जमिनीचा तुकडा, म्हणून त्याच्या पोरानं आणि नातवानं ढोलच वाजवायचा. ओळखीचं वाटतंय का? हीच आपली महारकी! हेच आपलं वतन! १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबईच्या कौन्सिलात ज्याच्याविरुद्ध बिल आणलं ते हेच. इंग्रजांनी तिकडचं राजकारिय १८३२-३३ च्या सुमाराला काढून टाकलं, पण विहारांच्या जमिनीवरची सेवा पुढंही चालू राह्यली. ढोल त्याचा, हात त्याचे, पण गाभाऱ्यातली जागा दुसऱ्याची.

आणि संघ? बुद्धानं न्हावी उपालीला शाक्य राजपुत्रांच्या आधी दीक्षा दिली, म्हंजे राजपुत्रांना न्हाव्याच्या पाया पडावं लागेल. हे आपण दर पौर्णिमेला सांगतो. तिकडं १७५३ साली सयामहून भिक्खू आणून उपसंपदा पुन्हा सुरू केली. ज्या थेरानं ती दिली त्याचं नावही योगायोगानं उपाली. पण थोड्याच वर्षांत राजाच्या हुकमानं ती दीक्षा एकट्या गोविगमांपुरती राह्यली. तो सयाम निकाय आजही तिथला सगळ्यांत मोठा निकाय आहे. मग दालचिनी सोलणाऱ्यांतला एक भिक्खू जहाजानं ब्रह्मदेशात अमरपुरला गेला, तिथं उपसंपदा घेऊन १८०३ साली परत आला. त्यातून अमरपुर निकाय निघाला. हा विद्रोहच होता, मी त्याला सलाम करतो. पण पुढं त्या अमरपुरातही जातीजातीच्या शाखा फुटल्या. सलागमांची वेगळी, करावांची वेगळी. विद्रोह करून बाहेर पडलेल्यांनी स्वतःसाठी नवी चौकट केली आणि आतून कडी घातली.

तुम्ही म्हणाल, हे जुनं झालं. अय्यानं मला रविवारचा पेपर दाखवला. लग्नाच्या जाहिराती. 'गोवी बौद्ध आईवडील आपल्या डॉक्टर मुलीसाठी...' 'करावा बौद्ध...' पत्रिकेसह पत्र पाठवा. आता माझ्याकडं नका हसू. आपल्या वधूवर मेळाव्याचा फॉर्म काढा. धर्माच्या रकान्यात बौद्ध लिहिलेलं असतं, आणि मग एकजण हळूच विचारतो, "पूर्वाश्रमीचे कोण? पोटजात कुठली?" आपल्या वस्तीतल्या मातंगाच्या पोरावर आपल्या पोरीनं जीव लावला तर कोण लाठ्या घेऊन उठतं? ब्राह्मण येतो का माटुंग्याहून?

बाबासाहेब १९५० च्या मे महिन्यात ह्याच देशात गेले होते. कँडीला जागतिक बौद्ध परिषद भरली होती. ते प्रतिनिधी म्हणून बसले नाहीत, निरीक्षक म्हणून गेले, इथला धम्म प्रत्यक्षात कसा चालतो ते बघायला. कोलंबोच्या टाउन हॉलमध्ये बोलताना तिथल्या अस्पृश्यांना त्यांनी सांगितलं, की वेगळी संघटना काढत बसू नका, बौद्ध व्हा. आणि तिथल्या बौद्धांना सांगितलं, की ह्यांना आपलं म्हणा, बापाच्या मायेनं सांभाळा. ह्यातलं दुसरं वाक्य आपण विसरतो. धम्म घेणारा जेवढा बदलायला हवा तेवढाच आधीपासून धम्मात असलेलाही बदलायला हवा, हे बाबासाहेबांना दिसत होतं.

सहा वर्षांनी नागपुरात त्यांनी काय केलं बघा. भदंत चंद्रमणींकडून स्वतः दीक्षा घेतली आणि मग समोर बसलेल्या लाखोंना स्वतः दिली. चीवर न घातलेल्या माणसानं चीवर न घातलेल्या माणसांना! वर बावीस प्रतिज्ञांची कुंपणं घातली. विभीषणाचं देऊळ आवारात आल्यावर काय होतं, हे केलनियाला उभं राहून मला कळलं. प्रतिज्ञा भिंतीवर टांगायला नाहीत.

आता दुसरी गोष्ट. कामगार.

कोलंबो हे बंदर हातानं बनवलेलं आहे. १८७५ साली लाटा अडवायच्या बांधाचा पहिला दगड बसवला, दहा वर्षांत तो पुरा झाला. कोळसा भरायला, माल उतरवायला सिंहली आले, तमीळ आले, मल्याळी आले. १९२२ साली ए. ई. गुणसिंह नावाच्या माणसानं त्यांची युनियन बांधली. १९२३ चा सार्वत्रिक संप, १९२७ चा बंदराचा संप. तेव्हा धक्क्यावर कुणी भाषा विचारत नव्हतं. मग १९२९ ची जागतिक मंदी आली, काम आटलं. तेव्हा ह्याच गुणसिंहांनी मालकाकडं बोट दाखवायचं सोडून मल्याळी कामगाराकडं दाखवलं: तो तुमची भाकरी खातोय, त्याला हाकला! लाल बावटा घेऊन निघालेला माणूस दहा वर्षांत कुठं पोचला बघा. मुंबईत १९६६ नंतर 'मद्रासी हटाव' म्हणत कुणाच्या हातगाड्या उलथल्या आणि त्यानं गिरणीमालकाचं काय वाकडं झालं, हे आपल्या बापांना विचारा.

पुढचं सगळं त्याच उतारावरचं. १९४८ साली स्वातंत्र्य मिळालं आणि त्याच वर्षी नागरिकत्वाचा कायदा करून चहाच्या मळ्यांतले सातएक लाख तमीळ बिनदेशाचे केले. हे कोण होते? इंग्रजांनी दक्षिणेतून नेलेले भूमिहीन, त्यांत पल्लर, परैयर, अरुंधतियर भरपूर. म्हंजे आपलीच माणसं. १९६४ साली शास्त्री आणि सिरिमाव यांनी त्यांची वाटणी केली: सव्वापाच लाख तुम्ही घ्या, तीन लाख आम्ही ठेवतो, दीड लाखांचं मागून बघू. गोण्यांची टॅली करतात तशी माणसांची टॅली. उरलेल्यांच्या हातात पुरतं नागरिकत्व पडायला २००३ साल उजाडलं. आणि १९५६ साली 'फक्त सिंहली'चा कायदा. ज्या वर्षी आपण धम्म घेतला, त्याच वर्षी तिकडं धम्माच्या नावानं भाषेची तलवार काढली.

अक्का ह्या सगळ्याच्या खालची. तिचे आजे कोलंबो नगरपालिकेच्या झाडूकामासाठी आणलेले. बाप तरुणपणी पाटीचे संडास साफ करायचा. जुलै १९८३ मध्ये ती दहा वर्षांची होती. उत्तरेत वाघांच्या हल्ल्यात १३ सैनिक मेले, आणि कोलंबोत तमिळांची घरंदुकानं जळायला लागली. जमावाच्या हातात मतदारयाद्या होत्या. वेलिकड तुरुंगात ५३ तमीळ कैदी मारले गेले. रस्त्यात माणसाला अडवून विचारायचे, बालदी म्हणून दाखव. सिंहलीत बालदीला बाल्दिय म्हणतात. तमीळ जिभेवर त्या 'बा'चा 'वा' होतो. वाल्दिय म्हणाला की गेला.

बालदी! आपल्या मुंबईचा शब्द. पोर्तुगीजांनी दोन्हीकडं टाकून दिलेला. आपण नळावर भांडतो त्यातला शब्द. त्यावर माणूस जगायचा की मरायचा ते ठरत होतं.

अक्काच्या बापाला गल्लीच्या तोंडाशी अडवलं. त्याला बाल्दिय स्वच्छ म्हणता आलं. का? तर सिंहली वस्तीतल्या मागच्या दारांवर रोज पहाटे तोच शब्द ओरडत त्याचा जन्म गेला होता. अक्का म्हणाली, "ज्या कामानं आम्हाला कुणी शिवत नव्हतं, त्या कामानं त्या दिवशी बाप वाचवला." त्यांच्या ओळीतला एक तमीळ कारकून, शिकलेला, वेल्लाळ, म्हंजे उच्च जातीचा, तो परत आला नाही. तो हयातीत कधी अक्काच्या घरचं पाणी प्यायला नव्हता. मारणाऱ्यांनी त्याची जात बघितली नाही.

अक्कानं हे सांगितलं तेव्हा अय्या तिथंच बसला होता, सिंहली माणूस. त्याच्या आईनं त्या रात्री अक्काला आणि तिच्या भावाला आपल्या खाटेखाली लपवलं होतं. वस्तीत ह्याची कुणी गोष्ट करत नाही. त्या दोघांच्या दारांमधली दोरी मात्र एकच आहे, दोघींचे कपडे तिच्यावर वाळतात.

आता आजचं बंदर. एक टर्मिनल सरकारी, १९९९ पासून एक खाजगी, २०१३ पासून एक चिनी कंपनीचं. हिंदुस्थानातला केवढा तरी माल कोलंबोत मोठ्या जहाजावर चढतो-उतरतो, म्हंजे माझ्या हातातून गेलेला खोका अय्याच्या क्रेनखालून जात असणार. २०२१ साली पूर्वेचं टर्मिनल परदेशी भागीदारांना द्यायचं घाटलं, तेव्हा बंदरातल्या युनियन उठल्या आणि सरकारला तो करार मोडावा लागला. मग पश्चिमेचं टर्मिनल निघालं. त्यात ५१ टक्के अदानींचे. २०२५ च्या एप्रिलपासून ते चालू आहे. धारावीची मोजणी करणारा आणि कोलंबोत जहाज लावणारा मालक एकच! भांडवलाला भाषा नाही, धर्म नाही, पासपोर्टाची रांग नाही. आपल्यालाच तेवढं बालदी म्हणायला लावतात.

पण मी तुम्हाला रडवून पाठवणार नाही. २०२२ साली तो देश दिवाळखोर झाला. पेट्रोल नाही, गॅस नाही, औषध नाही. लोक गॉल फेसच्या मैदानावर समुद्रासमोर तंबू ठोकून बसले. तिथं फुकट स्वयंपाकघर चाललं, वाचनालय चाललं, रमजानचा उपास सगळ्यांनी मिळून सोडला. आणि १८ मे रोजी, युद्धात मेलेल्या तमिळांच्या आठवणीत, त्याच मैदानावर कांजी वाटली गेली. कोलंबोत, सिंहलींच्या देखत! अय्या त्या रांगेत अक्कासोबत उभा होता. ९ जुलैला लोक राष्ट्राध्यक्षाच्या वाड्यात शिरले आणि तो देश सोडून पळाला. दोन आठवड्यांत लष्करानं तंबू मोडले, ते वेगळं. पण कांजी पिऊन झाली होती.

आता आपण काय घ्यायचं?

पहिलं. ब्राह्मण गेला की जात जाईल, असं समजून झोपू नका. तिकडं ब्राह्मण नव्हताच. जात जमिनीत असते, धंद्यात असते आणि लग्नात असते. तिथं तिला हात घातल्याशिवाय ती हलत नाही. आपल्या मेळाव्याच्या फॉर्मातला पोटजातीचा प्रश्न खोडायचं काम उद्या सकाळी करता येतं, त्याला क्रांतीची वाट बघावी लागत नाही.

दुसरं. बौद्ध देश म्हंजे आपलं माहेर, ह्या भ्रमात राहू नका. जिथं विहाराचं सरकारशी लगीन लागतं तिथं धम्म पोलिसाच्या काठीसारखा वापरला जातो. माझं नातं दन्सल घालणाऱ्या पोरांशी आहे, सिंहासनाशेजारी बसणाऱ्यांशी नाही.

तिसरं. तुमच्या नाक्यावर उद्या कुणीतरी येईल. परप्रांतीयाकडं बोट दाखवेल, मुसलमानाकडं दाखवेल, म्हणेल, ह्यानं तुझी भाकरी खाल्ली. आपल्या पोरांच्या हातात दगड सगळ्यांत आधी दिला जातो, कारण आपल्याला काम नाही आणि आपली केस चालवायला वकील नाही. त्या माणसाला विचारा, ठेकेदार कोण आहे? टोळीला रोज किती देतो? फंड कुठं भरतो? त्याला उत्तर देता येणार नाही.

चौथं सांगायचं राह्यलं होतं. अय्यानं निघताना एक काम दिलंय. बाबासाहेबांचं 'अनिहिलेशन ऑफ कास्ट' त्यांच्या मंडळात वाचायचंय, ढोल वाजवणाऱ्यांच्या पोरांसोबत, आणि अक्काच्या वस्तीतही. त्यांना आपल्याकडून माणूस पाहिजे, पुस्तक समजावणारा, पण भाषण ठोकणारा नको. येत्या वेसाकला कोण जातो? पासपोर्ट काढायला दोन-तीन महिने धरा. वर्गणीची वही मी आणलीय, ती आता फिरवतो. पहिलं नाव आमच्या टोळीचं आहे.

जय भीम.